बटण सरकलं अन् तू कोसळलास

नवीन विंडोज ११ भंगार आहे, हे तुझं पालुपद मी ऐकलं. मीच काय, नगरच्या दिल्ली गेटपासून चितळे रोडपर्यंत सगळ्यांनी ऐकलं. तुझ्या डीटीपीच्या दुकानात लग्नपत्रिका टाकायला आलेल्याला तू तेच सांगतोस, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आलेल्या आजींनाही तेच. त्या बिचाऱ्या मान हलवतात. त्यांना वाटतं, पोरावर काहीतरी मोठं संकट कोसळलंय. "मॅडम, सगळं उलटंपालटं करून ठेवलंय हो, काही म्हणजे काही सापडत नाही." पुरे. आता तू गप्प बस आणि ऐक.

काय उलटंपालटं झालंय? स्टार्टचं बटण डाव्या कोपऱ्यातून मधे आलं. बरं, आणखी? राइट क्लिक केल्यावर जुनी लांबलचक यादी दिसत नाही. आणखी? आणखी काही नाही. तुझ्या या उलट्यापालट्याचा ऐवज एवढाच. सेटिंग्ज उघड, पर्सनलायझेशनमध्ये जा, टास्कबार निवड, तिथं अलाइनमेंट डावीकडे कर. बटण मुकाट्यानं आपल्या जुन्या कोपऱ्यात जाऊन बसतं. राइट क्लिकच्या यादीत सगळ्यात खाली 'शो मोअर ऑप्शन्स' असं लिहिलंय. तेही दाबायचा कंटाळा असेल तर शिफ्ट धरून एफ-टेन दाब, जुनी यादी हजर. काखेत कळसा आणि गावाला वळसा. वाचायच्या होत्या दोन ओळी. तू वाचल्या नाहीस. समोर आलेली प्रत्येक चौकट न वाचता फुली मारून घालवायची, ही तुझी माझ्या क्लासातली खोड अजून गेलेली नाही.

इंग्रजी येत नाही म्हणू नकोस. क्रिकेटचा सामना असला की पावसानं षटकं कापल्यावरचा हिशेब तू इंग्रजीत वाचून दुकानभर समजावून सांगतोस. आणि इंग्रजी नकोच असेल तर विंडोज मराठीतही करता येतं. केलंस? उघडून तरी बघितलंस? नाही. कारण मग तो बहाणाही हातचा गेला असता.

घोडं पेंड खातंय कुठं, ते मी सांगते. तू संगणक शिकलाच नाहीस. तू जागा पाठ केल्यास. डावीकडून तिसरं चित्र म्हणजे पेजमेकर. डेस्कटॉपवर वरच्या ओळीतलं पिवळं खोकं म्हणजे पत्रिका. निळ्या चित्राच्या खालचं म्हणजे प्रिंट. फाइल कुठं आहे विचारलं की तू बोटानं पडद्यावरची जागा दाखवतोस. फाइल कुठल्या ड्राइव्हवर आहे, कुठल्या फोल्डरमध्ये आहे, तिच्या नावापुढची तीन-चार अक्षरं काय सांगतात, ती उघडायला कोणता प्रोग्राम लागतो, यातलं काहीही तुला विचारायची सोय नाही. म्हणून बटण वीतभर सरकलं आणि तू कोसळलास. ज्यानं काम शिकून घेतलंय त्याला बटण कुठं का असेना. विंडोजची कळ दाबायची, प्रोग्रामच्या नावाची चार अक्षरं टाइप करायची, तो समोर येतो. विंडोज आणि ई दाबलं की फायली उघडतात. कंट्रोल-सी, कंट्रोल-व्ही, कंट्रोल-झेड होते तिथेच आहेत. ज्या गोष्टी टिकतात त्या तू कधी शिकला नाहीस. ज्या हलतात त्याच नेमक्या पाठ केल्यास.

नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण मी तुला लावणार नाही. तुला नाचता येतं, म्हणून तर राग येतो. माझ्या क्लासात मराठी टायपिंगला तुझ्याइतकी स्वच्छ बोटं मोजक्यांची होती. झाकलेल्या कळांवर तू मिनिटाला चाळीस शब्द मारायचास आणि चूक झाली तर तुझा तुलाच राग यायचा. तो राग कुठं गेला? आता चूक झाली की मायक्रोसॉफ्टचा राग येतो.

काउंटरच्या मागं तू एमएस-सीआयटीचं सर्टिफिकेट चौकटीत घालून लावलंयस. त्याला उदबत्तीही ओवाळत असशील. अरे, ते प्रमाणपत्र म्हणजे शिकायला सुरुवात केल्याची पावती होती. तू तिला सेवानिवृत्तीचा आदेश समजलास. त्या दिवसानंतर तू संगणकावरची एक गोष्ट स्वतःहून शिकल्याचं मला सांग. एक. मी थांबते.

नाही ना?

आणि बदल काय आज पहिल्यांदा आला? गोदरेजनं १९५५ साली देशी टाइपरायटर काढला, २००९ मध्ये बनवणं थांबवलं. ज्या यंत्रावर नगरच्या कितीतरी घरांतली पहिली सरकारी नोकरी मिळाली, ते यंत्र गेलं. कोर्टाबाहेर बसणारे टंकलेखक तेव्हा तुझ्यासारखे चौकात रडत उभे राहिले नाहीत. ज्यांना जमलं ते कीबोर्डवर आले. स्टार्टच्या ज्या बटणासाठी तू गळा काढतोस, ते बटणच मुळात १९९५च्या ऑगस्टमध्ये आलं. त्याआधी ते नव्हतंच. डॉसवर हात बसलेली माझी पोरं त्याला हसायची, म्हणायची हे काय खेळणं. २०१२ मध्ये विंडोज ८ नं ते काढून टाकलं तेव्हा जगभर ओरड झाली, पुढच्या वर्षी ८.१ मध्ये ते परत आणावं लागलं. म्हणजे कंपनीही चुकते, लोक बोंबलले की ऐकते. पण बोंबलणाऱ्यांनी आधी ते वापरून बघितलं होतं. तू न वापरता बोंबलतोस.

दर वेळी तुझं वरातीमागून घोडं. एक्सपीचा आधार मायक्रोसॉफ्टनं ८ एप्रिल २०१४ ला काढून घेतला. तू त्यानंतर कितीतरी दिवस एक्सपीच कुरवाळत बसलास. विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० ला गेला. तू म्हणालास, "चालतंय ना मॅडम." विंडोज १० चा गेला १४ ऑक्टोबर २०२५ ला, आणि ती तारीख २०२१ पासून सगळीकडे छापून येत होती. चार वर्षं. चार वर्षांत पोरगं बालवाडीतून तिसरीत जातं. तू कुठं गेलास? तरी घरगुती वापरासाठी आणखी एका वर्षाची, ऑक्टोबर २०२६ पर्यंतची सोय त्यांनी ठेवली. ती खास तुझ्यासारख्यांसाठीच असावी, आणि तीही तू झोपून काढशील याची मला खात्री आहे.

"चालतंय ना" म्हणजे काय रे? आधार गेला म्हणून मशीन बंद पडत नाही, हे मलाही माहीत आहे. नव्यानं सापडलेली भगदाडं बुजवणं बंद होतं. २०१७ च्या मार्चमध्ये मायक्रोसॉफ्टनं विंडोजमधलं एक भोक बुजवणारं अपडेट दिलं. ज्यांनी ते टाकलं नाही, त्यांच्या मशीनमध्ये मे महिन्यात वॉनाक्राय हा खंडणीखोर प्रोग्राम घुसला आणि जगभरची रुग्णालयं, कारखाने अडकले. त्यातून शहाणं व्हावं की नाही? जूनमध्ये त्याच भोकाचा फायदा घेणारा दुसरा हल्ला आला आणि आपल्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं. कंटेनरच्या रांगा लागल्या. मार्चचं अपडेट, मेचा दणका, जूनचा दणका. आणि तू? अपडेटची चौकट आली की "नंतर आठवण करा". तुझ्या मशीनमध्ये लोकांचे आधार कार्डांचे स्कॅन आहेत, बँकेच्या पासबुकांचे फोटो आहेत, सातबारे आहेत. आजीबाई तुझ्या विश्वासावर कागद ठेवून जातात. त्यांना सांगितलंस का कधी, की या दुकानाचं दार उघडं असतं म्हणून?

अपडेट बंद का आहेत, तेही बोलू या. विंडोज तू विकत घेतलेलं नाहीस. कोणीतरी पेन ड्राइव्हवर आणलं, दोनशे-तीनशे रुपयांत टाकून दिलं. ते टाकताना त्यानं आधी अँटीव्हायरस बंद केला, मग अपडेट बंद केलं, म्हणजे चोरी पकडली जाऊ नये. तुला ते माहीत आहे. चोरीचं घेतलंस आणि तक्रार करतोस मात्र जहागीरदारासारखी. फ्लेक्सवाल्यानं तुझे पन्नास रुपये बुडवले तर तू त्याच्या दारात जाऊन भांडतोस.

आता फॉन्टकडे येऊ. इथं मी तुला सोडणार नाही.

तुझ्या दुकानाच्या कोपऱ्यात एक जुनं मशीन आहे, त्यावर तू कापड टाकून ठेवतोस. त्यात पेजमेकर आहे, जुन्या फॉन्ट-सॉफ्टवेअरचं लॉक, म्हणजे डोंगल, मागं लावलेलं आहे, आणि त्या लॉकला कुणी हात लावला की तू घरातलं सोनं चोरीला गेल्यासारखा ओरडतोस. ते लॉक नव्या विंडोजवर चालत नाही, ही तुझी सगळ्यात मोठी तक्रार. पेजमेकर ७.० ही २००१ ची आवृत्ती, शेवटची. ती निघण्याआधीच, १९९९ मध्ये, ॲडोबीनं इनडिझाइन बाजारात आणलं होतं. ज्यांचं पेजमेकर होतं त्यांनीच ते सोडून दिलं, तू मात्र अजून त्याचं सुतक धरायलाही तयार नाहीस.

मराठी लिहितोस म्हणतोस. नाही. तू मराठी लिहितच नाहीस. कृतिदेव फॉन्टमध्ये तू 'राम' टाइप करतोस, पडद्यावर राम दिसतो, पण यंत्राच्या पोटात जे, के आणि ई ही तीन रोमन अक्षरं असतात. वरून नुसता देवनागरीचा मुखवटा. फॉन्ट काढला की राम गेला, खाली जे-के-ई उरले. श्रीलिपीची गत तीच, फक्त तिचे संकेत वेगळे. म्हणून तुझी फाइल शेजारच्या दुकानात उघडली की किडेमुंग्या दिसतात. म्हणून सरकारी पोर्टलवर तुझा मजकूर चिकटवला की रोमन अक्षरांची खिचडी येते आणि तू म्हणतोस, "साइट बिघडलीय." म्हणून पाचशे फायलींत एक नाव शोधायचं म्हटलं तर तुला पाचशे फायली उघडाव्या लागतात.

यावरचा उपाय म्हणजे युनिकोड, आतून खरी मराठी; त्याची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये आली. विंडोज २००० मध्ये देवनागरीची सोय झाली, मंगल फॉन्ट आला. पाव शतक होऊन गेलं. तू दुकान थाटलंस त्याच्या आधीपासून ही सोय तुझ्यासमोर पडून आहे. इनस्क्रिप्टचा कीबोर्ड तर त्याहून जुना, आपल्याच देशात ठरवलेला. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. क ज्या कळेवर, त्याच कळेवर शिफ्ट धरून ख. ग आणि घ तसेच. बाराखडी ज्यानं घोकली त्याला ही मांडणी समजायला किती वेळ लागेल? आणि एकदा हात बसला की कन्नड, गुजराती, बंगाली, सगळ्यांची मांडणी तीच. पुन्हा शिकायची गरज नाही. तेही नको असेल तर मराठी फोनेटिकचा कीबोर्ड विंडोजमध्येच आहे, २०१९ पासून. आणि टाइपरायटरवरच्या रेमिंग्टन कळांची तुझी सवय मोडायचीच नसेल, तर त्याच कळांवरून युनिकोड देणारी साधनंही मिळतात. म्हणजे बोटं तीच, कळा त्याच, फक्त आतून खरी मराठी. यापुढं आणखी काय हवं तुला? कुणी येऊन घास भरवायला हवा का?

गंमत सांगू, तुझी झोप तर शासनानंच मोडली होती. २०२४ च्या ऑक्टोबरात अहमदनगरचं अहिल्यानगर झाल्याचं राजपत्र निघालं. शाळा, पतसंस्था, ग्रामपंचायती, दूध संघ, सगळ्यांना लेटरहेड बदलून हवे होते. पावती पुस्तकं, शिक्के, बोर्ड, बिलं. नगरच्या छपाई आणि डीटीपीवाल्यांना सुगीचे दिवस. ज्यांच्याकडं मजकूर नीट युनिकोडमध्ये होता, त्यांनी शोधा आणि बदला म्हटलं, एंटर मारला. तू काय केलंस? तुझ्याकडच्या अर्ध्या फायलींतली अक्षरं फ्लेक्सवाल्याला पाठवताना कर्व्ह केलेली. म्हणजे ती अक्षरं उरलीच नव्हती, नुसते आकार होते. मूळ फाइल ठेवलीस? नाही. तिच्यावरच सेव्ह केलंस. मग एकेक लेटरहेड पहिल्या अक्षरापासून पुन्हा मांडत बसलास, गिऱ्हाइकांना आठ-आठ दिवस थांबवलंस, आणि दोष कुणाला दिलास? नाव बदलणाऱ्यांना. सगळ्या जिल्ह्यात तुला एकट्यालाच पाहून नाव बदललं असावं अशा थाटात तू बोलत होतास.

मूळ फाइल वेगळी ठेवायची, छपाईला जाणारी प्रत वेगळ्या नावानं काढायची. हे विंडोज ९८ वर खरं होतं, ११ वर खरं आहे, आणि उद्या जे काय येईल त्यावरही खरं राहील. क्लासात मी हे फळ्यावर लिहिलं होतं. तू उतरवूनही घेतलं होतंस, अक्षर सुंदर आहे तुझं.

एक तक्रार मात्र मला मान्य आहे, तीही पूर्ण. विंडोज ११ साठी त्यांनी टीपीएम २.० या सुरक्षा चिपची अट घातली, प्रोसेसरांची यादी काढली, आणि इंटेलच्या साधारण २०१७ च्या आधीच्या पिढ्या त्या यादीतून बाहेर गेल्या. दुकानातली चांगली चालती मशीनं एका फटक्यात जुनी ठरली. गरीब देशातल्या छोट्या दुकानदाराला ही अट परवडणारी नाही, आणि या मुद्द्यावर तू भांडलास तर मी तुझ्या शेजारी उभी राहीन. पण तू या मुद्द्यावर भांडतच नाहीस. तू बटणावर भांडतोस. नवीन मशीन घेतलंस आणि जुनं धूळ खात टाकलंस. मी म्हटलं, जुन्यावर लिनक्स मिंट टाक, पैसा लागत नाही, चार जीबी मेमरीत चालतं. टाकलंस. दोन दिवसांत काढलंस. का? "विंडोजसारखं नाहीये." शेजाऱ्याच्या घरात शिरायचं आणि आपलं देवघर कुठं गेलं म्हणून हंबरडा फोडायचा, असला प्रकार. ते विंडोज नाहीच, तर विंडोजसारखं कशाला असेल?

अडचणी खऱ्या होत्या, नाही म्हणत नाही. तुझा तो गल्लोगल्लीच्या दुकानांत दिसणारा छोटा लेझर प्रिंटर लिनक्सवर त्रास देतो. आधारचं अंगठ्याचं यंत्र विंडोजच मागतं. मग एक मशीन विंडोजचं ठेव, दुसऱ्यावर टायपिंग, पत्रं, हिशेब, इंटरनेट कर. लिब्रेऑफिसमध्ये पीडीएफ काढ, विंडोजवरून छाप. एवढा विचार करायला काय लागतं? केरळातल्या सरकारी शाळांतली पोरं वर्षानुवर्षं मुक्त सॉफ्टवेअरवर शिकतात, त्यावरच परीक्षा देतात. आपल्या संरक्षण मंत्रालयानं २०२३ मध्ये उबुंटूवर बेतलेली 'माया' नावाची प्रणाली आपल्या संगणकांसाठी आणली. तिथल्या कारकुनांची बोटंही विंडोजवरच वळलेली होती. आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल मराठीत आहेत, लहान लहान, फुकट, लिनक्सपासून लिब्रेऑफिसपर्यंत. बघ, थांबव, स्वतः कर, पुढं जा. तू रोज रात्री फोनवर जेवढे रील बघतोस, त्याच्या पाव वेळात दोन धडे होतात.

फोनचा विषय निघालाच आहे तर वयाचा बहाणा इथंच पुरू. "आता या वयात काय शिकायचं मॅडम?" या वयात तू साधा फोन टाकून अँड्रॉइड घेतलास. यूपीआय शिकलास. व्हॉट्सअॅपवर पत्रिकेचा पीडीएफ पाठवायला शिकलास. दर वर्षी फोनचं सगळं रूप बदलतं, चिन्हं हलतात, रंग बदलतात, तू कुरकुरत नाहीस. का? तिथं तुला गंमत वाटते. इथं काम आहे. म्हणजे तुझं वय झालेलं नाही. तुझी कामाची भूक मेलीय.

वयाचं ऐकायचंय का? १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी आली. पिकाची नोंद शेतकऱ्यानं स्वतः करायची, आपल्या फोनवरून, शेतात उभं राहून फोटो काढून. पारनेरच्या, पाथर्डीच्या माळावर साठीचे लोक बांधावर उभे राहून रेंज शोधत होते, नोंदी करत होते. पुढं त्या ॲपच्या आवृत्त्या बदलल्या, तरी ते पुन्हा शिकले. नोंद राहून गेली तर नुकसानभरपाईला अडचण येते, हे त्यांना कळत होतं. तुला तुझं नुकसान कळत नाही, कारण ते हळूहळू होतंय. गिऱ्हाईक भांडत नाही, नुसतं पुढच्या दुकानात जातं.

आपल्याच जिल्ह्यातल्या हिवरे बाजारचे गावकरी दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि त्यावरून कोणतं पीक घ्यायचं ते ठरवतात. बापजाद्यांची पद्धत बदलायला त्यांना जड गेलं नसेल? प्रवरेच्या काठच्या शेतकऱ्यांनी १९५० मध्ये सहकारी कारखान्यात ऊस गाळायला सुरुवात केली, तेव्हा त्यांच्यातल्या किती जणांनी आधी बॉयलर पाहिला होता? सावित्रीबाई फुले शिकवणं शिकायला नगरलाच आल्या होत्या, मिस फरार यांच्याकडे, तेही बाईनं उंबरा ओलांडला तर शेण पडायच्या काळात. ही सगळी माणसं ज्या मातीत शिकली, त्याच मातीत तू टास्कबारला घाबरून बसलायस. तुला लाज वाटावी म्हणून सांगतेय. वाटली तर बरं.

आणि ते तुझ्या पोराला बोलावणं बंद कर. काही अडलं की "ए, जरा बघ रे." तो येतो, तुझ्या खांद्यावरून माउस हिसकावतो, तीन क्लिक करतो आणि जातो. तू बघतही नाहीस काय केलं ते. तेवढ्यात तू गिऱ्हाइकाशी हवापाण्याच्या गप्पा मारतोस. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच अडतं, पुन्हा "ए, जरा बघ रे." त्याची बारावी आहे. उद्या तो पुण्याला गेला की दुकानाला कुलूप लावणार का? त्याला बोलवायचंच असेल तर माउस हातात देऊ नकोस. तू धर, त्याला नुसतं सांगू दे. वहीत लिही. दुसऱ्यांदा विचारायची वेळ आली तर आधी वही उघड, मग तोंड.

हो, वही. तू हसतोयस, दिसतंय मला. चाळीसच्या वेगाची परीक्षा तू वहीवरच पास झालास. कुठलं बोट कुठल्या कळेवर हे लिहूनच शिकलास. तेव्हा तुला वहीची लाज वाटत नव्हती. आता दुकानदार झालास, आता मालक झालास, आता वही घेतली तर गिऱ्हाईक काय म्हणेल? गिऱ्हाईक काही म्हणणार नाही. गिऱ्हाइकाला त्याची पत्रिका वेळेवर हवी असते, तुझी ऐट नको असते.

रडण्याचे दिवस संपले. या आठवड्यात चोरीचं विंडोज काढायचं. विकत घे नाही तर मिंट टाक, तिसरा रस्ता नाही. अपडेट चालू कर. कोपऱ्यातल्या त्या मशीनमधल्या सगळ्या फायली दोन ठिकाणी उतरवून ठेव, कारण त्याची हार्ड डिस्क तुला विचारून मरणार नाही. रोजचं एक काम, मग ते ग्रामसभेची नोटीस असो की दशक्रियेची पत्रिका, युनिकोडमध्ये करायचं. पहिले पंधरा दिवस वेग निम्म्यावर येईल. येऊ दे. टाइपरायटरवर बसलास तेव्हा पहिल्या महिन्यात तुझा वेग काय होता, ते मला आठवतंय, तुला आठवत नसेल. चिडशील, कीबोर्डवर हात आपटशील, आपट. उठू मात्र नकोस.

सोमवारी सकाळी दहाला माझ्याकडं ये. दोनशे पानी वही आण. पोराला आणू नकोस. आणि येताना एक लग्नपत्रिका इनस्क्रिप्टमध्ये टाइप करून आण, चुकांसकट, लाल शाईनं दुरुस्त मी करीन.